पाच भूमी आणि चेन्नईचे पाणी

चेन्नईला बारमाही नदी नाही. कोसस्थलैयार, कूवम आणि अड्यार या तिन्ही नद्या पावसाच्या भरवशावर वाहतात. त्यात इथला मुख्य पाऊस येतो ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, म्हणजे आपल्याकडे आकाशकंदील लागतात तेव्हा. त्या तीन महिन्यांत जे साठेल त्यावर वर्ष काढायचे. म्हणून या मुलखातल्या लोकांनी शतकानुशतके तळी बांधली. तमिळमध्ये त्यांना ‘एरी’ म्हणतात. वरचे तळे भरले की सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात उतरायचे, अशी त्यांची साखळी होती. चेन्नई शहर वाढले ते ही साखळी तोडत, बुजवत. टी. नगर हा साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांनी गजबजलेला भाग १९२० च्या दशकात मांबलमचे लांबलचक तळे आटवून वसवला गेला.

माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याचा साहित्याने घेतलेला शोध तपासायचा तर हे शहर आणि त्याच्यामागची तमिळ परंपरा यांच्याइतकी सलग सामग्री भारतात क्वचितच मिळेल. माझे म्हणणे आधीच मांडून ठेवावेसे वाटते. तमिळ कवींनी डोंगर, फुले, समुद्र यांची वर्णने सुंदर केली, हे सगळेच सांगतात. मला अधिक मोलाचे वाटते ते हे की, भूमीची अवस्था बदलली की माणसांची नाती कशी बदलतात, याचा विचार त्यांनी फार लवकर आणि फार नेमका केला. चेन्नईच्या आधुनिक लेखकांपैकी जे थोर ठरले त्यांनीही तोच धागा उचलला.

या परंपरेचा गाभा असलेल्या संगम कविता गेल्या दीडशे वर्षांतच पुन्हा वाचकांपुढे आल्या. गावोगावच्या मठांत आणि घरांत ताडपत्रांवरच्या पोथ्या पडून होत्या. काही वाळवीने खाल्ल्या, काही नदीत सोडल्या गेल्या. उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी आयुष्यभर हिंडून त्या गोळा केल्या, पाठ ताडून पाहिले आणि छापल्या. ‘पत्तुप्पाट्टु’ १८८९ मध्ये, ‘सिलप्पदिकारम’ १८९२ मध्ये, ‘पुरनानूरु’ १८९४ मध्ये. सी. वै. दामोदरम पिळ्ळै यांच्यासारखे दुसरे संपादकही त्याच कामात होते. स्वामिनाथ अय्यरांचा संग्रह आज चेन्नईत बेझंट नगरच्या ग्रंथालयात आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये ते स्थापन झाले. इसवी सनाच्या आगेमागेच्या काही शतकांत रचलेल्या, ४७३ कवींच्या नावावर असलेल्या या २३८१ कविता. त्या हाती नसत्या, तर भारतीय साहित्यातल्या निसर्गाबद्दल आपण आज जे बोलतो ते फार अपुरे ठरले असते.

‘तोल्काप्पियम’ या प्राचीन व्याकरणग्रंथाने या कवितेचा नकाशा सांगितला आहे. प्रेमाची कविता एखाद्या ‘तिणै’मध्ये, म्हणजे भूमीत, उभी असते. कुरिंजी हा डोंगर, मुल्लै हे रान आणि कुरण, मरुदम ही नदीकाठची शेती, नेय्दल हा समुद्रकिनारा आणि पालै ही उजाड, तापलेली वाट. प्रत्येक भूमीला तिचा ऋतू, तिचा प्रहर, तिचे दैवत, झाडे, जनावरे, माणसांचे धंदे आणि प्रेमाची एक अवस्था बहाल केलेली आहे. डोंगरात मध्यरात्री चोरून मीलन होते. कुरणात पावसाळी संध्याकाळी बायको वाट पाहते. शेतीच्या मुलखात, जिथे पाणी मुबलक आणि धान्याची सुबत्ता, तिथे नवरा दुसरीकडे जातो आणि पहाटे रुसवेफुगवे होतात. किनाऱ्यावर सूर्य मावळताना विरह झुरतो. पालैत भर दुपारी प्रियकर धनासाठी घर सोडून जातो. कवीने केवड्याचा नुसता उल्लेख केला, तरी ऐकणाऱ्याला किनारा, संध्याकाळ आणि झुरणारी बाई दिसे.

यावर आक्षेप असा घेतला जातो की हा सगळा संकेतांचा खेळ आहे, इथे निसर्ग प्रेमाच्या सेवेला लावला आहे. मला हे पटत नाही. संकेत टिकायला त्यामागे बारकाईने पाहिलेले जग लागते. कपिलर या कवीने ‘कुरिंजिप्पाट्टु’त एका दमात ९९ फुलांची नावे घेतली आहेत, आणि झाडांशी रोजचा संबंध असल्याशिवाय अशी यादी होत नाही. शिवाय या कवितेत निसर्ग आधी आणि माणूस नंतर, किंवा उलट, असा क्रमच नाही. भूमी, काळ, सजीव आणि भावना एकाच चौकटीत मोजल्या आहेत.

‘नट्रिणै’तली १७२ क्रमांकाची कविता याचा उत्तम नमुना आहे. किनाऱ्यावरच्या गावात प्रियकर नायिकेला भेटायला येतो आणि एका मोठ्या झाडाच्या सावलीत तिच्याशी लाडीगोडी करू पाहतो. झाड पुन्नैचे, म्हणजे कोकणकिनाऱ्यावर आपण जिला उंडी म्हणतो तिचे. नायिकेच्या बाजूने त्याला सांगितले जाते की इथे नको. लहानपणी खेळता खेळता वाळूत एक बी पुरली आणि विसरून गेलो. ती रुजली, तेव्हा दूध-तूप घालून तिला वाढवली. आई म्हणायची, ही तुमच्यापेक्षा गुणी, ही तुमची बहीण. त्या बहिणीसमोर तुझ्याशी हसायला-खिदळायला लाज वाटते. एवढीच कविता. तुकोबांच्या वृक्षवल्लींवर वाढलेल्या मराठी वाचकाला झाडाशी सोयरिक नवी नाही. पण इथे ती सोयरिक घरातली आहे, तिच्यासोबत संकोचही येतो आणि मर्यादाही. झाडाच्या सावलीत काय करावे आणि काय करू नये हे नात्यावरून ठरते. निसर्गाबद्दलचा आदर इतक्या सहज, उपदेशाचा शब्द न काढता, मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे.

या पाच भूमींतली पाचवी सगळ्यांत विचार करायला लावणारी. पालै ही मुळात स्वतंत्र भूमी मानलेली नाही. ‘सिलप्पदिकारम’ या महाकाव्यात, नायक-नायिका कोवलन आणि कण्णगी मदुरैच्या वाटेवर असताना, एक वाटसरू सांगतो की उन्हाळ्याने होरपळून मुल्लै आणि कुरिंजी आपला स्वभाव गमावतात, तेव्हा त्यांचेच पालै होते. म्हणजे वाळवंट कुठून वेगळे येत नाही. आपलेच रान आणि आपलाच डोंगर पाणी गेले की वाळवंट होतो. आणि त्या भूमीतली भावना कोणती, तर ताटातूट. दुष्काळ आणि स्थलांतर यांचा संबंध मराठवाड्याला समजावून सांगावा लागत नाही. तमिळ कवींनी तो काव्यशास्त्रातच बसवून ठेवला होता.

इथे महाराष्ट्राचा एक धागा येऊन मिळतो. सातवाहन राजा हालाच्या नावाने ओळखली जाणारी ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे, तिच्यात गोदावरी आहे, शेते आहेत, रान आहे आणि खेड्यातल्या बायकांचे धीट बोलणे आहे. संगम कविता आणि या गाथा यांच्यात कमालीचे साम्य असल्याचे जॉर्ज हार्ट यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आणि दोन्हींच्या मागे दख्खनची सामाईक लोकपरंपरा असावी, असे मांडले. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये गाथासप्तशती मराठीत आणली. ती आणि संगम कविता शेजारी ठेवून वाचाव्यात. न बोललेले सुचवायचे आणि भूमीकडून बोलवून घ्यायचे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

तिरुक्कुरळची वाट वेगळी आहे. तिरुवळ्ळुवरांच्या या नीतिग्रंथात पहिला अध्याय ईश्वरस्तुतीचा आणि लगेच दुसरा पावसाचा. पाऊस नसेल तर पूजा नाही, दान नाही, तप नाही, समुद्रसुद्धा ओसरेल, असा त्या दहा द्विपदींचा आशय. मराठीत हा ग्रंथ साने गुरुजींनी आणला. स्वातंत्र्यलढ्यात १९३० च्या सुमारास ते तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते, तेव्हा त्यांनी त्याचा अनुवाद केला. चेन्नईत वळ्ळुवरांचे भव्य स्मारक आहे, वळ्ळुवर कोट्टम. दगडी रथ आहे, सभागृह आहे आणि सर्वच्या सर्व १३३० कुरळ तिथे दगडात कोरलेले आहेत. १९७६ मध्ये उभे राहिलेले हे स्मारक नुंगंबाक्कमच्या तळ्याच्या जागेवर आहे. तळे आधी कचऱ्याने भरत गेले, मग आटवले गेले. पावसाचा अध्याय कोरलेला तो दगड तळ्याच्या कोरड्या तळावर उभा आहे. या शहराच्या पाण्याची गोष्ट सांगताना मला हे दृश्य टाळता येत नाही. कुरळ पाठ म्हणणाऱ्यांच्या मनातून पाण्याची जागा कशी निघून गेली असेल, याची हुरहूर लागते.

मधल्या शतकांवरून मी भराभर जाते आहे. भक्तिकवींनी संगम काळच्या अकम् कवितेतली, म्हणजे प्रेमकवितेतली, विरहिणी घेतली आणि तिचा प्रियकर देव केला. आंडाळच्या ‘तिरुप्पावै’त ढग समुद्राचे पाणी पितो, विष्णूसारखा काळा होतो, चक्रासारखा चमकतो, शंखासारखा गर्जतो. मार्गळी महिन्याच्या पहाटे चेन्नईत ते अजून म्हटले जाते. भूमीचे तपशील इथे पातळ झाले, देवाचे गडद झाले. मग थेट आधुनिक गद्याकडे येऊ.

राजम कृष्णन (१९२५–२०१४) यांची ‘कुरिंजित्तेन’ ही १९६३ ची कादंबरी निलगिरीतल्या बडगा समाजाची आहे. कुरिंजीचे फूल बारा वर्षांतून एकदा फुलते. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्याच वंशातली ही वनस्पती. कादंबरीत पिढ्या या फुलोऱ्यांवर मोजल्या जातात, आणि फुलोऱ्यामागून फुलोरा जाताना नाचणी-वऱ्याची शेती मागे पडून चहा आणि पैसा येतो. राजम कृष्णन त्या त्या लोकांत जाऊन, राहून लिहीत. पुढे त्यांनी तूत्तुक्कुडीकडचे कोळी आणि मिठागरांतले मजूर यांच्यावरही कादंबऱ्या लिहिल्या. जुन्या तिणैंच्या भाषेत त्यांनी कुरिंजी आणि नेय्दल पुन्हा लिहिले, फक्त या वेळी मजुरीचा दर आणि सावकाराचे व्याज धरून. सुंदर रामस्वामी यांच्या ‘ओरु पुळियमरत्तिन कदै’ (१९६६) मध्ये नायक आहे चौकातले चिंचेचे झाड. भोवतीचे तळे बुजते, सुरूचे बन तुटून बाग होते, बाजार वाढतो, आणि शेवटी माणसांच्या चढाओढीत झाडाचा बळी जातो. एका झाडाभोवती नगरपालिकेचे सारे राजकारण उभे करणारी अशी कादंबरी मराठीत असायला हवी होती.

चेन्नईची खरी कादंबरी मात्र अशोकमित्रन (१९३१–२०१७) यांची ‘तण्णीर’. तण्णीर म्हणजे पाणी. पुस्तक १९७३ चे, अगदी छोटेखानी. एका गल्लीत जमुना आणि छाया या बहिणी भाड्याने राहतात. जमुना सिनेमात संधी मिळेल या आशेवर एका माणसाच्या कचाट्यात सापडली आहे, छायाचा नवरा सैन्यात आहे. नळाला पाणी नाही. हातपंप असलेल्या घरासमोर बायका घागरी घेऊन उभ्या असतात, कुणाला आत घ्यायचे ते मालकीण ठरवते. महापालिका रस्ता खणून ठेवते आणि पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळते. या सगळ्यात अशोकमित्रन आवाज चढवत नाहीत. दुष्काळाचे एकही लांबलचक वर्णन नाही, ढगांकडे पाहणारे डोळे नाहीत. माणसे किती लवकर चिडतात, कुणाकडे उसने पाणी मागता येते आणि कुणाकडे नाही, एक घागर सांडली तर घरात काय होते, हेच सांगत ते जातात. जमुनाला शेवटी जो धीर सापडतो तोही पाण्याच्या रांगेतल्या, शेजारच्या शिक्षिकेच्या कष्टाच्या जगण्याशी जोडलेला आहे. पाण्याची टंचाई इथे पार्श्वभूमीला राहत नाही, ती पात्रांचे स्वभाव घडवते. भूमीचे पालै झाले की ताटातूट होते हे जुने सूत्र अशोकमित्रन यांनी भाड्याच्या खोलीत आणले, असे मला वाटते. त्यांच्या डोक्यात ते सूत्र होते असा माझा दावा नाही. भूमीच ती होती, म्हणून गोष्ट तीच निघाली.

कोमल स्वामिनाथन यांचे ‘तण्णीर तण्णीर’ हे १९८० चे नाटक आणि त्यावरचा के. बालचंदर यांचा १९८१ चा चित्रपट यांनी हाच प्रश्न कोरडवाहू गावात नेला आणि सरकारशी थेट भांडण मांडले. प्रभाव मोठा पडला. तरी ‘तण्णीर’ कादंबरी मला अधिक खोल वाटते, कारण तिच्यात खलनायकावर भार टाकून मोकळे होता येत नाही.

धरणांच्या बाबतीत तमिळ आणि मराठी वाटा अगदी शेजारून जातात. वैरमुत्तु यांच्या ‘कळ्ळिक्काट्टु इतिकासम’ला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वैगै धरणात बुडालेल्या गावांची ती कहाणी. त्याआधी १९९२ चा पुरस्कार विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ला मिळाला होता. दोन्हींत जमीन जाते तेव्हा जनावरे, थडगी, देव, भाऊबंदकी सगळे उखडते. अलीकडे कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ने (२०२३ चा पुरस्कार) या प्रवाहात एक पाऊल पुढे टाकले. विस्थापितांनी मागे सोडलेली म्हैस रानात रानटी होते आणि माणसाला ओळखेनाशी होते. विस्थापन माणसांपुरते नसते, हे मराठीत इतक्या ठळकपणे पूर्वी आले नव्हते.

निसर्ग सगळ्यांना सारखा भेटत नाही, ही गोष्ट पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘कूळमादारी’ने (२०००) सांगितली. शेतमालकाकडे बांधलेला दलित मुलगा शेळ्या-मेंढ्या चारतो. ताडाची झाडे, विहीर, मोकळे रान, सवंगडी यांच्यात त्याला आनंद मिळतो, पण एक जनावर हरवले तर त्याच रानात त्याच्या जिवाचा थरकाप होतो. मराठीत महाडचे तळे माहीत असलेल्या वाचकाला हे चटकन उमगेल. निसर्गलेखनाच्या आढाव्यातून अशी पुस्तके वगळली जातात तेव्हा मला राग येतो. पाण्यावर आणि रानावर कुणाचा हक्क, हे विचारल्याशिवाय त्या नात्याचे वर्णन पुरे होत नाही.

जंगलाच्या लेखनातही दोन्ही भाषा भेटतात. आपले मारुती चितमपल्ली वनाधिकारी होण्यापूर्वी कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकले होते. त्याच कोइमतूरपासून फार लांब नसलेल्या अनैमलैच्या टॉप स्लिपवर जेयमोहन यांची ‘यानै डॉक्टर’ ही दीर्घकथा घडते. ती डॉ. व्ही. कृष्णमूर्ती या खऱ्या पशुवैद्यावर आधारलेली आहे. सहलीला आलेल्यांनी फेकलेल्या बिअरच्या बाटल्यांच्या काचा हत्तीच्या पायात घुसतात आणि तेवढ्याने तो अजस्र प्राणी कुजत मरतो. ती वाचल्यावर रानात फेकलेली काच पूर्वीसारखी दिसत नाही. चेन्नईचे स्वतःचे निसर्गलेखक म्हणजे एम. कृष्णन (१९१२–१९९६). पद्मावतीची कथा लिहिणारे आद्य तमिळ कादंबरीकार अ. माधवैया यांचे हे चिरंजीव. मैलापूरच्या घरात राहून त्यांनी १९५० पासून अखेरपर्यंत ‘द स्टेट्समन’मध्ये स्तंभ लिहिला. हत्ती-वाघांइतकेच प्रेम त्यांनी कावळ्यांवर आणि खारींवर केले. भारतीय माणसाने आपल्या मातीतल्या झाडा-प्राण्यांची ओळख हीच देशभक्ती मानावी, असा त्यांचा हट्ट होता. दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्र’ची आठवण त्यांच्या नजरेने येते, पण दुर्गाबाई रंगांत रमतात, कृष्णन वागणुकीत.

आता समीक्षेचा भाग. पाश्चात्य विद्यापीठांत पर्यावरणलक्ष्यी समीक्षा १९९० च्या दशकात रुळली. चेन्नईत तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात इंग्रजी शिकवणारे निर्मल सेल्वमणी यांनी आग्रह धरला की या कामाला परकी चौकट नको, तिणै पुरेशी आहे. त्यांच्या पुढाकाराने साहित्य आणि पर्यावरण यांच्या अभ्यासाची ओस्ले-इंडिया ही संघटना उभी राहिली. कॉलेजचा परिसर साडेतीनशेहून अधिक एकरांचा, खुरट्या रानाचा, आणि त्यात हा विचार वाढला हे मला योग्यच वाटते. या मांडणीची ताकद मोठी आहे. तिचा धोकाही आहे. तिणैचा नकाशा प्राचीन वैभव म्हणून मिरवला गेला तर मग आजच्या कारखान्याला, झोपडपट्टीला, जातीला त्यात जागा उरत नाही. अमिताव घोष यांनी २०१६ च्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये तक्रार केली की गंभीर कादंबरी हवामानाच्या संकटाकडे पाठ फिरवते. त्यांचे म्हणणे बरेचसे खरे असेल, पण तमिळ आणि मराठी कादंबऱ्या समोर ठेवल्या तर ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

गेल्या दशकाने चेन्नईला नवे विषय दिले. डिसेंबर २०१५ मध्ये शहर बुडाले. २०१९ च्या उन्हाळ्यात मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याआधी तीन वर्षे मिरजेहून लातूरला आणावे लागले होते तसेच. पुरावर कृपा गे यांनी ‘रिव्हर्स रिमेंबर’ (२०१९) लिहिले. त्यात कुटुंबाच्या आठवणी आणि धरणाच्या दरवाज्यांचे कागदपत्र एकत्र आले आहेत. एण्णूरच्या खाडीत औष्णिक केंद्रांची राख साचत गेली, तेव्हा २०१७ च्या जानेवारीत ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ हे गाणे आले. शब्द कबेर वासुकी यांचे, रस्त्यावरच्या तमिळमधले, आणि गायक टी. एम. कृष्णा, तेही कर्नाटक रागांत. कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या, म्हणून सगळ्यांच्या असलेल्या जमिनींचे ते गाणे आहे. चित्रीकरण खाडीतच झाले. सभागृहातल्या संगीताने दलदलीची बाजू घेतली, याचे मोल मी फार मानते. युवान एव्हज यांच्या ‘इंटरटायडल’ने (२०२३) किनारा आणि पाणथळ यांची रोजनिशी ठेवली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या शिंपल्यांपासून पळ्ळिकरणैच्या पक्ष्यांपर्यंत. पळ्ळिकरणैच्या त्या दलदलीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, तरी तिचा मोठा भाग त्याआधीच कचरा, रस्ते आणि कार्यालयांनी गिळला होता.

नेय्दलची कविता दोन हजार वर्षे बहुतेक किनाऱ्याबाहेरच्या माणसांनी लिहिली. जो डिक्रूझ हे परवर समाजातले, दक्षिण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढलेले. त्यांच्या ‘आळि सूळ उलगु’ने (२००४) आणि साहित्य अकादमी मिळालेल्या ‘कोर्कै’ने (पुरस्कार २०१३ चा) कट्टुमरम वल्हवणाऱ्यांची बोली, वाऱ्यांची नावे, समुद्रात गेलेली माणसे आत आणली. आता झुरणारी बाई केवड्याच्या बनातून बाहेर आली आहे, मासळी विकते, नवरा परतला नाही तर होडीचे कर्ज फेडते. चेन्नईच्या ऊरूर आणि ऑल्कॉट कुप्पम या कोळी वस्त्यांत, २००४ ची सुनामी ज्यांनी अंगावर घेतली त्या घरांत, अशी पुस्तके घडण्याजोगी सामग्री भरलेली आहे. आपल्याकडे माहीम, वर्सोवा, अर्नाळा इथल्या कोळीवाड्यांत आहे तशीच. मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ १९६९ ची. खाडीकाठची पुढची कादंबरी कोळीणीने लिहिलेली यावी आणि तिच्या शेजारी ठेवायला ‘आळि सूळ उलगु’ मराठीत असावी, एवढी मागणी मी आपल्या प्रकाशकांकडे आणि अनुवादकांकडे करते.